बारा हजार मैलांवरचा कारभार : विल्यम सोल्टाऊ डेव्हिडसन यांची बावन्न वर्षे

न्यूझीलंडच्या आर्थिक इतिहासात १५ फेब्रुवारी १८८२ या तारखेला मानाचे स्थान आहे. त्या दिवशी ‘डनेडिन’ नावाचे शिडाचे जहाज पोर्ट चाल्मर्स बंदरातून लंडनच्या दिशेने निघाले. त्याच्या पोटात जवळजवळ पाच हजार मेंढ्या आणि कोकरे होती. सारी सोललेली, गोठवलेली आणि मांजरपाटात शिवलेली. अठ्ठ्याण्णव दिवसांनी हा माल लंडनला सुस्थितीत उतरला आणि जगाच्या दक्षिण टोकावरील या लहानशा वसाहतीचे अर्थकारण कायमचे पालटले. आज न्यूझीलंडची ओळख मांस आणि दुग्धजन्य पदार्थ निर्यात करणारा देश अशी आहे. त्या ओळखीचा आरंभ या एका सफरीत शोधला जातो.

या सफरीमागे जे नाव उभे आहे, ते जहाजमालकाचे नाही, शीतयंत्राच्या संशोधकाचे नाही आणि मेंढ्यांच्या धन्याचेही नाही. विल्यम सोल्टाऊ डेव्हिडसन हे एका कंपनीचे पगारी व्यवस्थापक होते. १८६४ मध्ये ते नोकरीस लागले आणि १९१६ पर्यंत, म्हणजे तब्बल बावन्न वर्षे, त्यांनी एकाच कंपनीची चाकरी केली. भांडवल दुसऱ्यांचे, जमीन दुसऱ्यांच्या नावावर, यंत्र तिसऱ्याचे आणि जहाज चौथ्याचे, अशा स्थितीत त्यांना काम करायचे होते. मालकी नसताना जबाबदारी कशी पेलावी, आणि मुख्य कार्यालय व प्रत्यक्ष कामाची जागा यांमध्ये अर्धी पृथ्वी असताना निर्णय कसे घ्यावेत, हे प्रश्न आजच्या व्यवस्थापकांना रोज पडतात. डेव्हिडसन यांच्यापुढे ते दीडशे वर्षांपूर्वी उभे राहिले होते.

उमेदवारीची वर्षे

डेव्हिडसन यांचा जन्म १८४६ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे झाला, परंतु त्यांचे घराणे आणि पुढील आयुष्य स्कॉटलंडशी निगडित होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटिश भांडवल नव्या वसाहतींमधील जमिनींत ओतले जात होते. ग्लासगो आणि एडिंबरा येथील व्यापारी, बँकवाले आणि निवृत्त सधन मंडळी न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियात जमिनी घेणाऱ्या कंपन्यांचे भाग विकत घेत. यांपैकी बहुतेकांनी त्या जमिनी कधी पाहिलेल्याही नसत. अशाच एका उद्योगात तरुण डेव्हिडसन यांना उमेदवारी मिळाली आणि १८६५ च्या अखेरीस ते न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर उतरले.

त्याच वर्षी मुंबईत कापसाच्या तेजीचा फुगा फुटला होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव गगनाला भिडले, त्या पैशावर शेअरबाजाराचा जुगार पेटला आणि युद्ध संपताच पेढ्या, बँका आणि घराणी धुळीस मिळाली. एका मालावर आणि एका बाजारपेठेवर विसंबलेल्या अर्थव्यवस्थेचे काय होते, याचा तो धडा होता. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर तेव्हा कापसाच्या जागी लोकर होती. तिथला हिशेब अजून चुकायचा होता इतकेच.

डेव्हिडसन यांची नेमणूक टिमारू गावाजवळील ‘लेव्हल्स’ या विस्तीर्ण मेंढवाड्यावर झाली. ऱ्होड्स बंधूंनी १८५१ च्या सुमारास वसवलेला हा मेंढवाडा त्या भागातील पहिला मानला जातो. येथूनच १८५५ मध्ये हजार मेंढ्या पळवून नेल्याच्या आरोपावरून जेम्स मॅकेन्झी याला पकडण्यात आले. त्याच्या मार्गावर सापडलेल्या डोंगराळ पठाराला पुढे त्याचेच नाव पडले. टेकापो तलावाकडे सहलीला जाणारे लोक आज ज्या मॅकेन्झी प्रदेशातून जातात, त्याच्या नावाची गोष्ट लेव्हल्सच्या कळपापासून सुरू होते.

येथे डेव्हिडसन यांनी कामाची सुरुवात तळापासून केली. सरहद्दीवर फिरून मेंढ्या राखणे, कातरणीच्या हंगामात हाताखाली राबणे, वाऱ्यापावसात झोपडीत राहणे हे सारे त्यांच्या वाट्याला आले. पुढे जेव्हा ते स्कॉटलंडमधील कार्यालयात बसून हजारो मैलांवरचे अहवाल वाचू लागले, तेव्हा त्या आकड्यांमागील जमीन, हवा आणि जनावरे त्यांच्या डोळ्यांसमोर असत. कंपनीच्या बहुतेक भागधारकांना ही सोय नव्हती. डेव्हिडसन यांच्या अधिकाराचा खरा पाया या अनुभवात होता.

लेव्हल्सवरील त्यांच्या एका कामाकडे विशेष लक्ष द्यायला हवे. तिथल्या कळपांत मुख्यत्वे मेरिनो जातीच्या मेंढ्या होत्या. मेरिनोची लोकर उत्तम, पण अंगावर मांस बेताचे. १८७४ च्या सुमारास डेव्हिडसन यांनी मेरिनो मेंढ्या आणि लिंकन जातीचे मेंढे यांचा संकर करून त्या संकरित कळपातूनच पुढची पैदास करण्याचा प्रयोग हाती घेतला. ओटागो प्रांतात जेम्स लिटल हेही याच दिशेने काम करीत होते. या प्रयत्नांतून लोकर आणि मांस दोन्ही देणारी ‘कॉरिडेल’ ही जात घडली आणि पुढे जगभर पसरली. ज्या काळी मांस परदेशी पाठवण्याचा मार्ग कोणालाच ठाऊक नव्हता, त्या काळी हा प्रयोग सुरू झाला होता. बाजारपेठ उघडण्याआधी तिला लागणारा माल तयार होत होता.

बँक बुडाली, लोकर उतरली

१८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘कँटरबरी अँड ओटागो असोसिएशन’ आणि ‘न्यूझीलंड अँड ऑस्ट्रेलियन लँड कंपनी’ यांचे एकत्रीकरण झाले. दोन संस्था एक होतात तेव्हा दोन पद्धती, दोन हिशेब आणि दोन प्रकारच्या निष्ठा एका छताखाली येतात. या एकत्रित कंपनीचे जनरल मॅनेजर म्हणून डेव्हिडसन यांची निवड झाली. वयाची पस्तिशीही त्यांनी गाठली नव्हती. न्यूझीलंडमधील आणि ऑस्ट्रेलियातील लाखो एकर जमीन, तिच्यावरील मेंढ्या आणि माणसे यांचा कारभार आता त्यांना स्कॉटलंडमधून हाकायचा होता.

पदभार नवा असतानाच संकट कोसळले. ऑक्टोबर १८७८ मध्ये ‘सिटी ऑफ ग्लासगो बँक’ बुडाली. तिच्या भागधारकांची जबाबदारी अमर्याद असल्याने शेकडो मध्यमवर्गीय कुटुंबे रस्त्यावर आली, आणि खोटे ताळेबंद दाखवल्याबद्दल संचालकांना तुरुंगात जावे लागले. या बँकेचा पैसा मोठ्या प्रमाणावर लँड कंपनीच्या भागांत आणि तिच्या प्रवर्तकांना दिलेल्या कर्जांत गुंतला होता. कंपनीच्या जमिनी खऱ्या होत्या, मेंढ्या खऱ्या होत्या, पण बँकेच्या नावाशी जोडल्या गेलेल्या प्रत्येक गोष्टीकडे लोक संशयाने पाहत होते. अशा वेळी भागधारकांना लाभांश हवा होता, आणि तो देण्यासाठी कंपनीपाशी एकच माल होता, तो म्हणजे लोकर.

लोकरीचे भाव उतरू लागले होते. न्यूझीलंड ज्या दीर्घ मंदीत सापडला, ती पुढे १८९० च्या दशकापर्यंत रेंगाळली. १८८१ च्या सुमारास देशात माणसे पाच लाखांच्या आसपास आणि मेंढ्या मात्र सुमारे एक कोटी तीस लाख होत्या. इतके मांस खाणार कोण? म्हाताऱ्या आणि जादा झालेल्या मेंढ्यांना गिऱ्हाईक नव्हते. त्यांना मोठमोठ्या कढयांत उकळून चरबी काढली जाई. ती मेणबत्त्या आणि साबणासाठी विकली जाई आणि मांस वाया जाई. डबाबंद मांसाचे काही कारखाने निघाले, तरी त्यांची झेप मर्यादित होती. त्याच काळात ब्रिटनमधील औद्योगिक शहरांत मजुरांची संख्या वाढत होती आणि मांस महाग होते. माल एका टोकाला सडत होता आणि गिऱ्हाईक दुसऱ्या टोकाला वाट पाहत होते. मध्ये उष्ण कटिबंध ओलांडणारा बारा हजार मैलांचा समुद्र होता.

खर्चात कपात करून ही मंदी ओसरण्याची वाट पाहणे हा एक मार्ग होता. संकटात सापडलेल्या कंपनीच्या संचालक मंडळाला तो सुरक्षितही वाटला असता. डेव्हिडसन यांनी मंडळाकडे प्रयोगासाठी पैसे मागितले.

हजार पौंडांचा प्रयोग

गोठवलेले मांस जहाजाने पाठवण्याची कल्पना डेव्हिडसन यांची नव्हती आणि त्यांनी तसा दावा करण्याचे कारणही नव्हते. १८७० च्या दशकात फ्रेंचांनी ‘फ्रिगोरिफिक’ आणि ‘पॅराग्वे’ या जहाजांवर तसे प्रयत्न केले होते. १८८० च्या फेब्रुवारीत ‘स्ट्रॅथलेव्हन’ हे आगबोटीचे जहाज ऑस्ट्रेलियातून गोठवलेले मांस घेऊन लंडनला पोचले होते. ग्लासगोमध्ये बेल बंधू आणि जोसेफ कोलमन यांनी हवा दाबून व प्रसरण पावू देऊन थंडावा निर्माण करणारे यंत्र बनवले होते. डेव्हिडसन यांचे काम या सुट्या गोष्टी एका साखळीत ओवण्याचे होते, आणि प्रत्येक कडी वेगळ्या मालकाच्या हाती होती.

न्यूझीलंडहून थेट ब्रिटनला जाणारी नियमित आगबोटसेवा तेव्हा नव्हती. म्हणून शिडाच्या जहाजावरच यंत्र बसवणे भाग होते. आगबोट ठरल्या दिवशी पोचते. शिडाचे जहाज वाऱ्याच्या मर्जीवर असते, आणि विषुववृत्तापाशी वारा पडला तर आठवडेच्या आठवडे एका जागी तरंगत राहते. जोखीम उघड होती. ‘अल्बियन लाइन’ या जहाज कंपनीने १८७४ मध्ये बांधलेले ‘डनेडिन’ हे आपले जहाज या कामासाठी सज्ज करण्याचे मान्य केले. लँड कंपनीच्या संचालकांनी आपल्या बाजूने प्रयोगासाठी एक हजार पौंडांची मंजुरी दिली. बुडाले तर सोसता येईल आणि यशस्वी झाले तर डोळ्यांत भरेल, इतक्याच आकाराचा हा प्रयोग होता. कंपनीच्या जमिनी किंवा तिचे अस्तित्व त्यांनी एका जहाजावर पणाला लावले नाही.

जहाजाला बसवलेल्या यंत्राला दिवसाला सुमारे तीन टन कोळसा लागे. ते तळघरातील हवा बाहेरच्या तापमानापेक्षा सुमारे बावीस अंश सेल्सियसने खाली नेऊ शकत असे. त्याचे धुरांडे पुढच्या आणि मधल्या डोलकाठीच्या मध्ये उभे केले होते, त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला ही आगबोटच आहे असा भास होई.

जमिनीवरची कडी थॉमस ब्रायडन यांच्या हाती होती. ब्रायडन हे कंपनीचे न्यूझीलंडमधील अधीक्षक होते. वयाने ते डेव्हिडसन यांच्यापेक्षा मोठे, पण हुद्द्याने खालच्या पायरीवर. अशी नाती अनेक संस्थांत कुरबुरीचे मूळ ठरतात. येथे दोघांच्या कामाची वाटणी स्पष्ट होती. भांडवल, जहाज आणि यंत्र ही बाजू डेव्हिडसन सांभाळत. कत्तलखाना, रेल्वे, कामगार आणि मालाची निवड ही बाजू ब्रायडन यांच्याकडे होती. ओमारूच्या दक्षिणेस काही किलोमीटरवर कंपनीच्या ‘टोटारा’ मळ्यात कत्तलखाना उभारला गेला. तिथून मांस बर्फाने थंड ठेवलेल्या डब्यांतून रेल्वेने पोर्ट चाल्मर्सला जाई आणि जहाजावरच गोठवले जाई. त्याच भागातील पांढऱ्या चुनखडीच्या दगडात बांधलेल्या टोटाराच्या इमारती आजही हमरस्त्यालगत जतन करून ठेवल्या आहेत.

इतक्या अंतरावरून प्रत्येक तपशिलाचा हुकूम सोडणे शक्यही नव्हते. न्यूझीलंड १८७६ मध्ये समुद्राखालील तारेने ऑस्ट्रेलियाशी, आणि तिथून ब्रिटनशी, जोडला गेला होता. त्या साखळीत मद्रास आणि मुंबई ही मोठी ठाणी होती. पण तार महाग होती, तिच्यात मोजकेच शब्द मावत, आणि सविस्तर पत्राला पोचायला आठवडे लागत. उत्तर येईपर्यंत परिस्थिती बदललेली असे. स्थानिक अधिकाऱ्याला अधिकार देणे ही अशा कंपनीत उदारपणाची बाब नव्हती, ती कामाची गरज होती. तरीही बारा हजार मैलांवरून लहानसहान गोष्टींत लगाम ओढू पाहणाऱ्या कंपन्या तेव्हाही होत्या आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. डेव्हिडसन यांना ब्रायडन यांच्या निर्णयावर विसंबता आले, कारण काय हवे आहे याबद्दल दोघांत आधीच एकमत होते.

तुटलेला क्रँकशाफ्ट

७ डिसेंबर १८८१ रोजी माल चढवण्यास सुरुवात झाली. या वेळी डेव्हिडसन स्वतः न्यूझीलंडमध्ये हजर होते. गोठवण्याची रीत बरोबर चालते की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी आणि ब्रायडन यांनी पहिली काही मेंढरे जहाजाच्या थंड तळघरात स्वतःच्या हातांनी रचली. जनरल मॅनेजर आणि अधीक्षक हमालांच्या रांगेत उभे राहिलेले पाहून कामगारांना काय वाटले असेल याची नोंद नाही, पण कामाचे गांभीर्य त्यांच्यापर्यंत पोचले असणार.

काही दिवसांतच घात झाला. ६४३ मेंढरे गोठवून झाली असताना यंत्राचा क्रँकशाफ्ट तुटला आणि त्याबरोबर यंत्राचे आवरणही निकामी झाले. जहाज बंदरात, मळ्यावर जनावरे तयार, वृत्तपत्रांचे लक्ष लागलेले, आणि यंत्र बंद. जगाच्या या कोपऱ्यात त्याचे सुटे भाग मिळण्याची सोय नव्हती. स्कॉटलंडहून नवा भाग मागवायचा तर अर्धे वर्ष जाणार. प्रयोग गुंडाळून टाकण्यासाठी याहून चांगले निमित्त मिळाले नसते.

गोठवलेली मेंढरे जहाजावरून उतरवून स्थानिक बाजारात विकण्यात आली. ताज्या मांसात आणि यात फरक कळत नाही असे गिऱ्हाइकांचे मत पडले. नुकसान झाले खरे, पण मालाच्या दर्जाची पहिली परीक्षा घरच्या बाजारात अनायासे पार पडली. दुसरीकडे डनेडिन शहरातील कारागिरांनी नवा क्रँकशाफ्ट घडवला. दुरुस्तीत कित्येक आठवडे गेले, पण त्या काळात टोटारावरची व्यवस्था मोडली गेली नाही. यंत्र चालू होताच कत्तल आणि गोठवणी पुन्हा सुरू झाली.

अखेर १५ फेब्रुवारीला जहाज निघाले, तेव्हा त्यात ४,३३१ मेंढ्या, ५९८ कोकरे आणि २२ डुकरे होती. त्यांखेरीज लोण्याची २५० पिंपे, काही ससे, टर्की, कोंबड्या व रानपक्षी, आणि मेंढ्यांच्या २,२२६ जिभा असा किरकोळ मालही होता. कोणत्या मालाला लंडनमध्ये उठाव मिळेल हे अजमावण्याची ही संधीच होती.

आता सारे काही कप्तान व्हिट्सन यांच्या हाती होते. वाटेत धुरांड्यातून उडणाऱ्या ठिणग्यांनी शिडांना आग लागण्याचे प्रसंग आले. उष्ण प्रदेशात पोचल्यावर तळघरात थंड हवा सर्वत्र सारखी खेळत नसल्याचे ध्यानात आले. कप्तान स्वतः हवेच्या बोगद्यात सरपटत शिरले आणि त्यांनी जादा छिद्रे पाडली. आत थंडीने ते बधिर होऊन पडले. खलाशांनी दोर बांधून त्यांना बाहेर ओढले आणि शुद्धीवर आणले, म्हणून प्राण वाचले. किनाऱ्यावरून या क्षणी कोणीही काही करू शकत नव्हते. साखळीतील प्रत्येक कडीवर, हुकमाची वाट न पाहता, योग्य माणूस उभा होता म्हणून ती तुटली नाही.

२४ मे १८८२ रोजी ‘डनेडिन’ लंडनला पोचले. स्मिथफील्डच्या बाजारात खाटकांनी शंका काढल्या, तपासणी झाली आणि पाच हजारांच्या आसपासच्या त्या मालात फक्त एक मेंढरू खराब ठरले. दोन आठवड्यांत माल विकला गेला आणि या सफरीत सुमारे ४,७०० पौंडांचा नफा झाला.

यशानंतरचे काम

एका यशस्वी सफरीने उद्योग उभा राहत नाही. ब्रायडन यांनी आणि कंपनीने ही वाट स्वतःपुरती राखून ठेवली नाही. गोठवणीचे कारखाने, शीतगृहे आणि बंदरांवरील सोयी यांसाठी इतर मेंढपाळांचा, जहाज कंपन्यांचा आणि व्यापाऱ्यांचा सहभाग आवश्यकच होता. डनेडिनजवळ बर्नसाइड येथे गोठवणीचा कारखाना निघाला आणि पुढील दशकात दोन्ही बेटांवर असे कारखाने उभे राहिले. ज्या मेंढ्या उकळून चरबी काढली जात होती, त्यांनाच आता भाव आला. लहान शेतकऱ्याचे गणितही बदलले. लोकरीवर जगण्यासाठी हजारो एकर लागत; मांस आणि दूध यांवर शेदोनशे एकरांतही संसार उभा राहू शकत होता.

दुधाची बाजू डेव्हिडसन आणि ब्रायडन यांनी त्याच सुमारास हाती घेतली. साउथलंडमधील ‘एडनडेल’ या कंपनीच्या मालमत्तेवर १८८१-८२ च्या हंगामात चीज बनवण्याचा कारखाना सुरू झाला. कारखान्यात बनवलेल्या निर्यातयोग्य चीजसाठी सरकारने जाहीर केलेले पाचशे पौंडांचे बक्षीस त्याने मिळवले. शीतजहाजांमुळे लोणी आणि चीज लंडनपर्यंत नेणे शक्य झाले होते, त्यामुळे या दोन प्रयोगांनी एकमेकांना बळ दिले. आज एडनडेल येथे फॉन्टेरा या सहकारी संस्थेचा जगातील अतिप्रचंड दूधप्रक्रिया प्रकल्पांपैकी एक उभा आहे. परदेशी भागधारकांच्या कंपनीने रोवलेले रोप अखेरीस शेतकऱ्यांच्या सहकारात वाढले. सहकारी साखर कारखाने आणि दूधसंघ पाहत वाढलेल्या मराठी माणसाला या वळणाचे अप्रूप वाटावे.

हिशेबाची दुसरी बाजू

डेव्हिडसन यांच्या कर्तबगारीचा हिशेब मांडताना काही रकाने रिकामे ठेवता येत नाहीत. ज्या जमिनीवर हे मेंढवाडे वसले, ती मुळात ङाइ ताहू या माओरी जमातीची होती. १८४८ च्या ‘केम्प करारा’त एक कोटी तीस लाख एकरांहून अधिक जमीन अवघ्या दोन हजार पौंडांत घेतली गेली, आणि जमातीसाठी पुरेशी जमीन राखून ठेवण्याचे वचन पाळले गेले नाही. लेव्हल्सची भूमी याच करारातील. या अन्यायाची तक्रार दीडशे वर्षे चालली आणि १९९८ मध्ये संसदेच्या कायद्याने तिची तडजोड झाली. हा करार डेव्हिडसन न्यूझीलंडला येण्याच्या सतरा वर्षे आधीचा होता, पण कंपनीच्या ताळेबंदातील जमीन त्याच पायावर उभी होती.

दूरदेशी बसून जमीन धरून ठेवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध खुद्द वसाहतीतील गोऱ्या रहिवाशांतही रोष होता. गावोगावचे तरुण जमिनीवाचून हिंडत असताना लाखो एकर परदेशी भागधारकांच्या नावावर का, असा प्रश्न विचारला जाई. १८९० च्या दशकात उदारमतवादी सरकारने मोठ्या मालमत्ता विकत घेऊन त्यांचे तुकडे शेतकऱ्यांना देण्याचे धोरण आखले. लँड कंपनीच्या न्यूझीलंडमधील मोठ्या मालमत्ताही पुढे अशाच वाटल्या गेल्या. गंमत अशी की, लहान शेतकऱ्याला तगून राहणे ज्यामुळे शक्य झाले, ती शीतजहाजांची वाट याच कंपनीने खुली केली होती.

एका मालावरील अवलंबित्व संपवण्यासाठी निघालेला हा प्रयोग पुढे दुसऱ्या अवलंबित्वाला कारण झाला. लोकरीच्या जोडीला मांस, लोणी आणि चीज आले, पण गिऱ्हाईक मुख्यतः एकच राहिले, ते म्हणजे ब्रिटन. नव्वद वर्षे ही घडी बसलेली होती. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाला तेव्हा न्यूझीलंडला नव्या बाजारपेठा शोधण्यासाठी धावपळ करावी लागली. त्याची जबाबदारी १८८२ च्या व्यवस्थापकावर टाकणे अन्यायाचे होईल. मात्र एका पिढीने शोधलेले उत्तर पुढच्या पिढ्यांनी पुन्हा तपासून पाहिले नाही तर त्याचेच ओझे होते, एवढे यातून दिसते.

चाकरीची अखेर

‘डनेडिन’ जहाजाने पुढे आणखी काही फेऱ्या केल्या. १८९० मध्ये न्यूझीलंडहून लंडनकडे जाताना ते समुद्रात बेपत्ता झाले. त्याचा मागमूस लागला नाही. ब्रायडन यांनी साउथलंडच्या आंबट जमिनीत चुना घालून ती सुपीक करण्याचे काम केले आणि १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले. साउथलंडमधील एका वस्तीला त्यांचे नाव आहे.

डेव्हिडसन यांनी मात्र कंपनीची साथ सोडली नाही. मंदीतून, जमिनींच्या विक्रीतून आणि पहिल्या महायुद्धाच्या पहिल्या वर्षांतून त्यांनी तिला नेले. बावन्न वर्षांत त्यांना अधिक पगाराच्या किंवा स्वतःच्या धंद्याच्या संधी आल्या नसतील असे म्हणता येणार नाही. बँकेच्या पतनानंतर डळमळीत झालेली संस्था त्यांनी उत्पन्नाचे अनेक स्रोत असलेली, आपल्या पायावर उभी असलेली अशी मागे ठेवली. १९२४ मध्ये एडिंबरा येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नोकरीच्या काळाचा आढावा घेणारे एक छोटेखानी चरित्र १९३० मध्ये छापले गेले. त्याच्या शीर्षकात कोणतीही पदवी किंवा विशेषण नाही. बावन्न वर्षे कंपनीच्या नोकरीत, एवढीच ओळख तिथे दिली आहे.

ओमारूजवळ टोटारा मळ्याच्या वर सेबॅस्टोपोल नावाची टेकडी आहे. तिच्या माथ्यावर एक दगडी स्मारक उभारलेले आहे आणि ते हमरस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसते. ते जनरल मॅनेजरचे नाही. जागेवर राहून कत्तलखाना, रेल्वे आणि माणसे सांभाळणाऱ्या थॉमस ब्रायडन यांचे ते आहे.